दुसऱ्या सूर्यांचे ग्रह आणि आपली शाळा

आपल्या सूर्याला ग्रह आहेत, तसे इतर ताऱ्यांनाही असतील काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर मात्र अगदी अलीकडचे आहे. सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती ग्रह फिरतो आहे हे १९९५ सालच्या ऑक्टोबरात प्रथम जाहीर झाले, आणि त्यानंतर तीस वर्षांच्या आत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली. ही बातमी आता शाळेतल्या मुलांपर्यंत पोचली आहे. परंतु ती पोचते ती एका वाक्याच्या रूपाने: 'इतर ताऱ्यांनाही ग्रह असतात.' मूल हे वाक्य पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि विसरते. ते ग्रह कोणी पाहिले, कशाने पाहिले, आणि पाहिले म्हणणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, हे त्याला कोणी सांगत नाही. आम्हांला आज याच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. हा शोध कसा लागला हे विद्यार्थ्यांना शिकवावयाचे असेल, तर त्याचा इतिहास सांगितला पाहिजे. आणि तो इतिहास सगळा परदेशातच घडलेला नाही. त्याचे एक पान पुण्यात लिहिले गेले, आणि दुसरे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे. म्हसवडच्या श्रोत्यांपुढे हा विषय ठेवण्याचे ते एक कारण आहे.

प्रथम अडचण कोणती आहे ते पाहू. ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. ताऱ्याचा जो प्रकाश त्याच्यावर पडतो, त्यातला थोडासा तो परत फेकतो. आपला गुरू हा ग्रहांतला सर्वांत मोठा, पण दूरच्या ताऱ्यावरून पाहणाऱ्याला सूर्य त्याच्यापेक्षा सुमारे शंभर कोटी पटींनी तेजस्वी दिसेल. मैलभर अंतरावर गॅसबत्ती जळत असावी आणि तिच्या काचेजवळ उडणारे चिलट आपण येथून शोधावे, असा हा प्रकार आहे. तेव्हा अशा ग्रहांपैकी फारच थोडे प्रत्यक्ष दिसतात. बाकीच्यांचे अनुमान करावे लागते. आपल्याकडील न्यायशास्त्रात अनुमानाचे उदाहरण म्हणून डोंगरावरच्या धुराचा दाखला देतात. धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. पण त्याच शास्त्राने एक सावधगिरीही शिकविली आहे. दिसतो आहे तो धूरच आहे, धुके किंवा धूळ नव्हे, याची खात्री आधी करून घेतली पाहिजे. या शोधाचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका सावधगिरीचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

ग्रह दिसत नसेल तर त्याचा धूर कोणता? तो समजण्यासाठी मुलींची फुगडी आठवावी. सारख्या वजनाच्या दोन मुली फुगडी घालतात तेव्हा दोघीही सारखेच मोठे वर्तुळ काढतात. पण आत्याने आपल्या पाच वर्षांच्या भाचीचे हात धरून फुगडी घातली, तर भाची मोठ्या घेराने गरगर फिरते, आणि आत्या जवळजवळ जागच्या जागी फिरल्यासारखी दिसते. जवळजवळ म्हणतो, अगदी नव्हे. कारण आत्याचाही पाय थोडा हलतो. तिचेही एक लहानसे वर्तुळ असते. तारा आणि ग्रह यांची फुगडी अशीच आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो खरे, पण दोघेही त्यांच्या समाईक मध्यबिंदूभोवती फिरत असतात. भाची अंधारात असली आणि आत्या तेवढी दिसत असली, तरी आत्याचे पाय बारकाईने पाहणाऱ्याला कळेल की हिने कोणाचे तरी हात धरले आहेत. ताऱ्याचे हे डोलणे म्हणजेच आपला धूर.

ही युक्ती एकोणिसाव्या शतकात ज्योतिषशास्त्रज्ञांच्या हाती आली होती. १८४४ साली बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने व्याधाचा तारा सरळ रेषेत न सरकता किंचित डोलत सरकतो हे दाखविले आणि त्याला न दिसणारा सोबती असला पाहिजे असे सांगितले. १८४६ साली युरेनसच्या गतीतील गोंधळावरून गणिताने नेपच्यूनचा ठिकाणा काढण्यात आला आणि सांगितलेल्या जागेजवळच तो सापडला. न दिसणारी वस्तू तिच्या ओढीवरून ओळखता येते याविषयी त्या काळच्या विद्वानांत मोठा आत्मविश्वास होता, आणि तो अनाठायी नव्हता.

आता पुण्याकडे वळू. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील इंजिनियर पलटणीचा अधिकारी. त्याचा जन्म १८१३ चा. तो १८३१ साली मुंबईस आला आणि काही वर्षे त्याने देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीच्या खात्यात काम केले. १८४२ साली त्याने पुण्यास स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. तिच्यात पाच फूट लांबीची एक दुर्बीण होती. पुण्याच्या स्वच्छ रात्रींत तिच्या साहाय्याने त्याने जोडताऱ्यांचे वेध घेतले आणि अशा २४४ जोडताऱ्यांची यादी १८४८ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठविली. वृश्चिक राशीतील 'न्यू' या नावाने ओळखला जाणारा तारा दुहेरी नसून तिहेरी आहे हे १८४७ साली त्यानेच प्रथम दाखविले. या कामाच्या बळावर १८४८ च्या अखेरीस त्याची मद्रासच्या वेधशाळेवर मुख्य म्हणून नेमणूक झाली.

१८५५ साली जेकबने एक निबंध प्रसिद्ध केला. वृश्चिकाच्या उत्तरेस भुजंगधारी नावाचा तारकासमूह आहे. त्यात यादीत सत्तरावा म्हणून नोंदलेला एक जोडतारा आहे. त्याचे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे अठ्ठ्याऐंशी वर्षांत फेरी पुरी करतात. जेकबला असे आढळले की गणिताने काढलेली जागा आणि दुर्बिणीतून मोजलेली जागा यांचा मेळ बसत नाही, आणि हा फरकही एका ठरावीक चालीने कमीजास्त होतो. यावरून त्याने निष्कर्ष काढला की या जोडीत एखादी ग्रहासारखी वस्तू असण्याचा फारच संभव आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, वेधांच्या आधारे आणि शास्त्रीय नियतकालिकात मांडलेला, हा जगातील अगदी पहिल्या दाव्यांपैकी एक होय. तो करणारा माणूस पुण्याच्या आकाशाखाली जोडतारे मोजावयास शिकला होता.

दावा टिकला नाही. १८९६ साली अमेरिकेतील सी या ज्योतिर्विदाने त्याच जोडताऱ्याविषयी तो पुन्हा, निराळ्या स्वरूपात, मांडला. १८९९ साली मोल्टन याने गणिताने दाखविले की असा तिसरा सोबती त्या जोडीत फार काळ टिकूच शकणार नाही. जेकबला दिसलेला फरक हा मोजण्यातील बारीक चुकांचा परिणाम होता. दुर्बिणीच्या तारेने डोळ्याने मोजलेली ती अंतरे इतकी सूक्ष्म होती की मोजणाऱ्याचा हात, डोळा आणि यंत्र यांचे दोष ग्रहाच्या ओढीएवढे, किंबहुना तिच्याहून मोठे झाले होते. धूर म्हणून जे पाहिले ते धुके निघाले.

यावरून जेकबला हसण्याचे मात्र कारण नाही. शंभर वर्षांनंतर, उत्तम छायाचित्रण हाती असतानाही, अशीच फसगत पुन्हा झाली. पीटर व्हान डी कांप हे अमेरिकेतील नामांकित संशोधक. बर्नार्डचा तारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या एका शेजारी ताऱ्याची छायाचित्रे त्यांनी १९३८ पासून अखंड घेतली आणि १९६३ साली त्याला गुरूहून मोठा ग्रह असल्याचे जाहीर केले. दहा वर्षे जगाने ते मानले. १९७३ साली इतर वेधशाळांतील छायाचित्रे तपासली तेव्हा त्यांत डोलणे आढळले नाही. आणि व्हान डी कांपांच्याच दुर्बिणीने पाहिलेले इतर तारेही तशीच उडी मारताना दिसले. ती उडी दुर्बिणीच्या भिंगाची बैठक बदलल्याच्या सुमाराची होती. हलले होते ते भिंग, तारा नव्हे. गंमत अशी की त्या ताऱ्याभोवती २०२४ व २०२५ साली खरोखरच ग्रह सापडले; परंतु ते पृथ्वीपेक्षाही लहान आहेत आणि व्हान डी कांपांच्या ग्रहाशी त्यांचा काही संबंध नाही.

मग खरा मार्ग कोणता निघाला? तारा आकाशात डावी-उजवीकडे किती सरकला हे मोजण्याऐवजी तो आपल्याकडे किती वेगाने येतो आणि किती वेगाने दूर जातो हे मोजण्याचा. रस्त्याच्या कडेला उभे राहून भरधाव येणाऱ्या मालमोटारीचा भोंगा ऐकावा. गाडी जवळ येत असता आवाज चढा लागतो, आणि ती आपल्याला ओलांडून पुढे गेली की तोच आवाज एकदम खाली उतरतो. प्रकाशाचेही असेच आहे. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा तत्सम यंत्रातून नेला म्हणजे सप्तरंगांचा पट्टा उमटतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असेल तर या रेषा जांभळ्या टोकाकडे, आणि दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे किंचित सरकतात. किती सरकल्या यावरून वेग कळतो. ग्रहाचे हात धरून फुगडी घालणारा तारा काही दिवस जवळ येईल, काही दिवस दूर जाईल, पुन्हा जवळ येईल. हा क्रम नेमाने चालू राहिला म्हणजे त्याला सोबती आहे असे समजावे.

'किंचित' म्हणजे किती, हे मुलांना आकड्यांनीच सांगितले पाहिजे. गुरूच्या ओढीने आपला सूर्य सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर, म्हणजे तासाला पंचेचाळीस किलोमीटर वेगाने डोलतो, आपल्याकडील एस.टी. गाडी जाते तेवढ्याच वेगाने. आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तेव्हा ती काळी रेषा आपल्या जागेपासून सुमारे अडीच कोटींत एक इतकीच सरकते, आणि तेही बारा वर्षांत एकदा मागे-पुढे. पृथ्वीच्या ओढीने होणारे सूर्याचे डोलणे तर सेकंदाला नऊ सेंटिमीटरच आहे. रांगणारे मूलसुद्धा त्याहून चपळ असते.

या रेषा चिकाटीने आणि पद्धतशीरपणे मोजण्याचा पाया ज्या थोड्या लोकांनी घातला, त्यांत कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल हे अग्रभागी होते. १८९६ साली त्यांनी या कामासाठी एक नवा वर्णपटमापक दुर्बिणीला जोडला आणि ताऱ्यांचे वेग मोजण्यास आरंभ केला. आणि हेच कॅम्बेल १८९८ च्या जानेवारीत आपल्या जेऊरच्या माळावर तंबू ठोकून राहिले होते.

त्या वर्षी २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे देशावरून पुढे गेली. विजयदुर्गाच्या किल्ल्यात इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यंत्रे मांडून बसले होते. जेऊरला कॅम्बेल यांची मंडळी होती. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर या दोन ठिकाणांना जोडणारी रेषा काढली, तर ती आपल्या माण तालुक्यावरूनच जाते. नुकताच एक दुष्काळ होऊन गेलेला, मुंबई-पुण्यात प्लेगाने थैमान घातलेले. आणि अशा वेळी भर दुपारी माणदेशावर दोनएक मिनिटे अंधार पडला. आपल्या पणजोबांनी ग्रहणाचे वेध पाळले असतील, स्नाने केली असतील. त्याच घटकेला येथून जेमतेम दीड-दोन दिवसांच्या पायी वाटेवर सूर्याच्या प्रभामंडळाचा वर्णपट काचेवर टिपला जात होता.

जेऊरला केवळ परदेशीयच होते असे नव्हे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही तेथे आपली यंत्रे घेऊन आले होते. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्यास १८८८ च्या सुमारास उभी राहिलेली वेधशाळा त्यांच्याकडे होती, आणि तिच्यातील वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. नायगमवालांनी जेऊरच्या वेधांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. वर्णपटाचे शास्त्र त्या दिवशी एकाच माळावर एक हिंदी प्राध्यापक आणि एक अमेरिकन संशोधक सारख्याच उत्साहाने हाताळीत होते.

येथपर्यंत दोघांची वाट बरोबरीने चालली. पुढे मात्र ती फुटली, आणि आमच्या मते या सबंध इतिहासाचा गाभा येथेच आहे. जेकबला पुण्याजवळ डोंगरावर एक चांगली वेधशाळा उभारावयाची होती. इंग्लंडच्या पार्लमेंटने त्यासाठी १८६२ साली एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बिणीची व्यवस्था करून तो ८ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईस उतरला आणि पुण्यास पोचून १६ ऑगस्ट रोजी मरण पावला. त्याच्याबरोबर वेधशाळेचा बेतही संपला. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा चालविणारा कोणी ठेवलेला नव्हता. ती बंद करण्यात आली आणि तिची दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. लिक वेधशाळेत काय झाले? कॅम्बेल तीस वर्षे तिचे प्रमुख होते. त्यांनी शिष्य तयार केले, शिष्यांनी आपले शिष्य तयार केले. यंत्रे बदलली, काचेवरील छायाचित्रांच्या जागी विद्युत्-साधने आली, परंतु ताऱ्याच्या रेषा मोजण्याचा परिपाठ एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला.

१९५२ साली ओटो स्ट्रूव्ह या संशोधकाने एक छोटे टिपण लिहिले. एखादा गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून फिरत असेल, तर त्याचे वर्ष काही दिवसांचेच असेल आणि ताऱ्याचे डोलणे त्या वेळच्या यंत्रांनाही कळण्याजोगे असेल, असा त्याचा आशय. शिवाय असा ग्रह ताऱ्यासमोरून गेला तर ताऱ्याचा प्रकाश थोडा मंदावेल, हेही त्यांनी सांगितले होते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. कारण आपल्या सूर्यमालेत मोठे ग्रह दूर आहेत, तेव्हा सगळीकडे तसेच असणार, अशी सर्वांची समजूत होती. १९९२ साली एका मृत ताऱ्याभोवती, म्हणजे रेडिओलहरींची नियमित स्पंदने पाठविणाऱ्या ताऱ्याभोवती, ग्रह सापडले. आणि १९९५ साली स्वित्झर्लंडच्या मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांनी महाश्व तारकासमूहातील एक्कावन्नावा तारा सेकंदाला सुमारे छपन्न मीटर वेगाने डोलतो हे फ्रान्समधील दुर्बिणीने टिपले. त्याचा ग्रह गुरूच्या निम्म्या वजनाचा आणि त्याचे वर्ष अवघ्या सव्वाचार दिवसांचे! स्ट्रूव्ह यांनी कल्पिले होते तसाच.

परंतु धूर की धुके, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचे उत्तर काही दिवसांतच दुसऱ्या वेधशाळेने दिले. जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी तोच तारा पाहून तेच डोलणे मोजले. आयोडिनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या कुपीतून ताऱ्याचा प्रकाश नेऊन, आयोडिनच्या ठरावीक रेषा मोजपट्टीसारख्या वापरण्याची त्यांची पद्धत होती. आणि ही वेधशाळा कोणती? लिक, कॅम्बेल ज्या वेधशाळेतून जेऊरला आले होते तीच. १८९६ साली आरंभलेले काम एकोणीसशे पंचाण्णवात फळाला आले. मेयर आणि केलोझ यांना २०१९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पारितोषिकावर नावे दोन-तीनच असतात. पण शंभर वर्षे ज्यांनी गुरूकडून काम घेतले आणि शिष्याच्या हाती दिले, त्या सर्वांचा त्यात वाटा आहे.

दुसरी रीत याहून सोपी आहे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला तर लहानसे ग्रहणच लागते, आणि ताऱ्याचा प्रकाश मंद होतो. १९९९ साली एका ताऱ्याच्या बाबतीत हे प्रथम पाहण्यात आले. त्या ताऱ्याचा ग्रह आधी डोलण्यावरून माहीत होता. सांगितलेल्या वेळी प्रकाश मंदावला, आणि दोन स्वतंत्र साक्षींचा मेळ बसला. २००९ साली अंतराळात सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने याच रीतीने हजारो ग्रह शोधले. तिचे काम २०१८ साली संपले.

आपल्या देशातही तुटलेला धागा पुन्हा जोडला गेला आहे. पुण्यास १९८८ साली जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था निघाली, आणि २००६ साली जुन्नर भागातील गिरवली येथे तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. अबूच्या पहाडावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने खास ताऱ्यांचे डोलणे मोजणारा वर्णपटमापक बसविला, आणि २०१८ साली त्याच्या साहाय्याने सुमारे सहाशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याच्या, साडेएकोणीस दिवसांत फेरी पुरी करणाऱ्या ग्रहाचे वजन काढले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रत्येक देशाला एक तारा व त्याचा ग्रह यांचे बारसे करण्याचा मान दिला. भारताच्या वाट्याला आलेला तारा सिंह राशीच्या दक्षिणेस षडंश तारकासमूहात, सुमारे तीनशे चाळीस प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे नाव विभा चौधरी या भौतिकशास्त्रज्ञ विदुषींच्या स्मरणार्थ बंगालीतील उच्चाराप्रमाणे 'बिभा' ठेवले. त्याच्या ग्रहाचे नाव 'संतमस', म्हणजे झाकोळलेला. आणि हे नाव सुचविणारा पुण्याच्या एका शाळेतील तेरा वर्षांचा विद्यार्थी होता. तो ग्रह २००६ साली ताऱ्याच्या डोलण्यावरूनच सापडलेला आहे. जेकबने ज्या गावात जोडतारे मोजले त्याच गावच्या मुलाने दुसऱ्या सूर्याच्या ग्रहाचे नाव ठेवावे, हा योगायोग खरा, पण सुखद योगायोग आहे.

आता शाळेकडे येऊ. हा विषय शिकविण्यास मोठी दुर्बीण लागते असे नाही. फुगडी प्रत्येक अंगणात घालता येते. मात्र ती नुसती घालू नये, आत्याच्या आणि भाचीच्या पायांखालची वर्तुळे खडूने आखून त्यांचे व्यास मोजावेत आणि दोघींच्या वजनांशी ताडून पाहावेत. ग्रहणाची रीत दाखविण्यासाठी कागदावर दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे, तो सूर्य. त्यावर एक सेंटिमीटर व्यासाचा ठिपका ठेवावा, तो गुरू. व्यास दहापट कमी म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट कमी, म्हणून प्रकाश शंभरांत एक भाग मंदावेल, हे मूल स्वतः काढील. मग पृथ्वीसाठी खसखशीचा एक दाणा ठेवावा. तेथे मंदावणे बारा हजारांत एक एवढेच येते. हे अंतर एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे पृथ्वीसारखे ग्रह शोधणे कठीण का आहे ते पुन्हा सांगावे लागत नाही. अंधाऱ्या खोलीत गोल दिव्याभोवती दोरीला बांधलेला चेंडू फिरवून, मोबाइल फोनमधील प्रकाशमापकाने दर सेकंदाचा आकडा मुलांकडून लिहून घेतला आणि त्याचा आलेख काढविला, तर दर फेरीला पडणारी खळगी त्यांच्या हातानेच उमटेल. चेंडूची पातळी थोडी वरखाली केली की खळगी नाहीशी होते. पृथ्वीसारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून जाताना दिसण्याचा योग दोनशेंत एखादाच का, हे त्यावरून कळते.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा धडा निराळा आहे, आणि तो आम्ही जेकबचा धडा म्हणू. वर्गातील एकाच बाकाची लांबी वीस मुलांकडून, एकमेकांना न सांगता, मिलिमीटरपर्यंत मोजवून घ्यावी. वीस आकडे सारखे येणार नाहीत. मग विचारावे, बाकाची खरी लांबी किती? आणि पुढे विचारावे, उद्या मी म्हणालो की हे बाक रात्रीतून एक मिलिमीटर वाढले, तर तुम्ही मानाल काय? वीस मोजमापांतच चार-पाच मिलिमीटरांचा फरक असेल, तर एका मिलिमीटरची वाढ कोणी मानू नये. आणि फरक अर्ध्या मिलिमीटरचाच असेल, तर तिचा विचार करणे भाग आहे. हे ज्या मुलाला उमगले त्याला जेकबचा दावा का पडला, मेयर-केलोझ यांचा का टिकला, आणि दुसऱ्या वेधशाळेची साक्ष का लागते, हे सर्व समजले असे जाणावे. आणि तेच मूल उद्या औषधाची जाहिरात, पिकाच्या बियाण्याचा दावा किंवा निवडणुकीतला आकडा पाहूनही विचारील, की हे कोणी मोजले, कितींदा मोजले, आणि दुसऱ्या कोणी मोजून पाहिले काय.

आपल्याकडे विज्ञानाविषयी दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतात, हे सर्व आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. कोणी म्हणतात, ही परक्यांची विद्या. आपण माणदेशातली दुष्काळी माणसे, आपल्याला त्याचे काय? ही बोलणी परस्परविरुद्ध वाटतात, पण दोहोंचा परिणाम एकच होतो: मोजण्याचे कष्ट वाचतात. वस्तुतः पाऊस कमी असलेल्या आपल्या मुलखाला निरभ्र रात्रींची देणगी भरपूर मिळालेली आहे, आणि मोठ्या शहरांतल्या मुलांना आता जे आकाश दिसत नाही ते येथे गावाबाहेर पडले की अजून दिसते. उणीव आकाशाची नाही. हातात हात देणाऱ्यांची आहे.

जेकब जाणता होता, नायगमवाला विद्वान होते. दुर्बिणी चांगल्या होत्या, आकाश स्वच्छ होते. तरी पुण्याचे काम दोनदा थांबले, कारण ते एकेका माणसावर उभे होते. दूरच्या ग्रहाचे एक वर्ष बारा वर्षांचे असू शकते, वीस-तीस वर्षांचेही असू शकते. त्याच्या दोन फेऱ्या पाहून खात्री करावयाची, तर एका माणसाचे आयुष्य पुरत नाही. आज जो विद्यार्थी आठवीत आहे, त्याने घेतलेल्या वेधाचा अर्थ कदाचित त्याचा विद्यार्थी लावील. म्हणून या शास्त्रात शिकविणे हे शोधानंतर उरलेले काम नव्हे. शोधाचाच तो एक भाग आहे. म्हसवडच्या ज्या शिक्षकाने यंदा बाकाची लांबी वीस मुलांकडून मोजवून घेतली आणि ते आकडे पुढल्या वर्षीच्या मुलांसाठी वहीत जपून ठेवले, तो त्याच कामाला लागला असे आम्ही समजू.